भूकंप, विद्यापीठ आणि गवंडी

भूकंप थांबवता येत नाही आणि तो नेमका केव्हा होईल हे आधी सांगताही येत नाही. परंतु त्यात दगावणारी बहुसंख्य माणसे कोसळत्या घरांखाली सापडून दगावतात, आणि घर कसे बांधावे हे माणसाच्या हाती असते. ते ज्ञान मिळवणे, पारखणे व पुढील पिढीकडे सोपवणे हे विद्यापीठांचे कार्य होय.

भारतात या कार्याचे प्रमुख केंद्र ठरले ते रुडकी विद्यापीठ. (२००१ साली त्याचे रूपांतर भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत झाले.) प्राध्यापक जय कृष्ण यांच्या पुढाकाराने तेथे १९६० मध्ये भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र अध्ययन सुरू झाले. १९६२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे पहिले भारतीय मानक प्रसिद्ध झाले. धरणे व पूल यांच्या जोडीला रुडकीच्या अभ्यासकांनी अभियंत्यावाचून उभ्या राहणाऱ्या साध्या घरांचाही विचार केला. तेथील प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय समितीने अशा घरांसाठी सिद्ध केलेली मार्गदर्शिका १९८६ मध्ये प्रकाशित झाली.

तीत सांगितलेले उपाय सोपे आहेत. दगडी भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतवणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवावेत. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना एकत्र बांधणारी सलोह काँक्रीटची सलग पट्टी फिरवावी. छप्पर हलके ठेवावे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे महाराष्ट्रात किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा ही मार्गदर्शिका निघून सात वर्षे झाली होती. तेथील घरांच्या भिंती जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या. वर माळवदाचे जड ओझे. थरांना सांधणारे दगड बहुतेक भिंतींत नव्हतेच. भिंती फुटल्या, माळवदे खाली आली आणि सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली.

भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याचा मानला होता. तो नकाशा २००२ मध्ये सुधारण्यात आला. पुनर्वसनाच्या काळात गावोगावच्या गवंड्यांना मजबुतीकरणाचे शिक्षणही देण्यात आले. ज्ञानात राहिलेली चूक दुरुस्त करणे जितके आवश्यक, तितकेच ते गवंड्याच्या हाती पोचवणेही आवश्यक आहे. ग्रंथालयात राहिलेल्या मार्गदर्शिकेने एकही भिंत सावरत नाही.