कोणते गाव जवळ? : आयर्लंडविषयी एक अभ्यासपाठ

वाचनासाठी : अनुवाद २१:१-९

२० डिसेंबर २०२३ रोजी, नाताळ अवघा पाच दिवसांवर आला असता, आयर्लंडच्या सरकारने आपला शेजारी व एके काळचा राज्यकर्ता ब्रिटन याच्याविरुद्ध स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जाण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्याच महिन्यात अर्ज दाखलही झाला. या दोन देशांत पंचवीस वर्षांपूर्वी समेट झालेला होता. त्यांच्यामधील सरहद्दीवर आता पहारेकरी उभे नसतात. तंटा जमिनीचा नव्हता आणि पैशाचाही नव्हता. तीस, चाळीस, पन्नास वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या माणसांचा तो तंटा होता. समेट झाल्यावर मेलेल्यांची प्रकरणे उकरावीत काय, हा प्रश्न शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गात घेण्याजोगा आहे, म्हणून या महिन्यात तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आयर्लंडचे नाव निघाले की आपल्या लोकांना वाटते, तेथे प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक धर्ममतांवरून भांडले. तसे नाही. प्रभुभोजनाच्या अर्थावरून तेथे कोणी बॉम्ब ठेवला नाही. बेट कोणत्या राज्यात असावे, मत कोणाला, सरकारी घर कोणाला, नोकरी कोणाला, हे वादाचे विषय होते. पंथ ही माणसाची बाजू ओळखण्याची खूण झाली होती, एवढेच. आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. गुजरातेत १८४१ पासून काम केलेले आयरिश प्रेसबिटेरियन मिशन वडोदऱ्याकडील वाचकांना परके नाही, आणि त्या मिशनला मनुष्यबळ पुरविणारी मंडळी मुख्यत्वे उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातली होती. तेव्हा आपले मन सहजच एका बाजूला झुकेल. ते झुकू न देता पुढचा मजकूर वाचावा, अशी आमची विनंती आहे.

इतिहास थोडक्यात असा. १९२० च्या कायद्याने आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेचा मोठा भाग स्वतंत्र झाला व १९४९ साली पूर्ण प्रजासत्ताक बनला. उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. त्या सहा जिल्ह्यांत प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते व बहुतेकांना ब्रिटनमध्येच राहावयाचे होते. कॅथलिक अल्पसंख्य होते व पुष्कळांचे डोळे डब्लिनकडे लागलेले होते. १९६८-६९ च्या सुमारास नागरी हक्कांच्या चळवळीतून दंगली उसळल्या, सैन्य आले, आणि पुढील तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. मारणारे सर्व बाजूंचे होते. सर्वांत जास्त माणसे आयरिश रिपब्लिकन आर्मी व तिच्यासारख्या गटांनी मारली. ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या सशस्त्र टोळ्यांनी शेकडो मारली. सैन्य व पोलीस यांच्या गोळ्यांनीही शेकडो मेली.

आयर्लंडने ब्रिटनला न्यायालयात नेण्याची ही पहिली खेप नव्हे. ऑगस्ट १९७१ मध्ये उत्तरेत विनाखटला स्थानबद्धता सुरू झाली. धरलेल्यांपैकी १४ जणांना निवडून काढून त्यांच्यावर पाच रीतींचा प्रयोग करण्यात आला : डोक्यावर पिशवी चढविणे, भिंतीशी अवघडलेल्या स्थितीत तासन्‌तास उभे करणे, सतत कर्कश आवाज ऐकविणे, झोपू न देणे, अन्नपाणी तोडणे. त्याच वर्षी डिसेंबरात आयर्लंडने तक्रार नेली. १९७६ साली युरोपीय आयोगाने याला छळ म्हटले. १८ जानेवारी १९७८ रोजी न्यायालयाने मात्र 'अमानुष व मानहानिकारक वागणूक' एवढेच म्हटले आणि 'छळ' हा शब्द नाकारला. त्या न्यायालयाने एका राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध आणलेल्या खटल्यात दिलेला हा पहिलाच निकाल. नवे कागद उजेडात आल्यावर आयर्लंडने २०१४ साली फेरविचार मागितला. मार्च २०१८ मध्ये तो नाकारला गेला. एका शब्दासाठी एखादे सरकार चाळीसहून अधिक वर्षे झगडते, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्याच्या डोक्यावर ती पिशवी होती त्याला तो शब्द लहान वाटत नव्हता. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने असे नमूद केले की, ही कृत्ये आजच्या मापाने बहुधा छळच ठरली असती. आणि २०२३ साली उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी त्या माणसांची क्षमा मागितली.

१० एप्रिल १९९८ रोजी, उत्तम शुक्रवारी, बेलफास्टचा करार झाला. त्यासाठी दोन्ही बाजूंनी फार मोठी किंमत दिली. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानात सबंध बेटावर हक्क सांगितलेला होता. तो सोडून, दोन्हीकडील बहुमताने मान्य केले तरच एकीकरण, असे त्या देशाने लिहून दिले. २२ मे १९९८ च्या सार्वमतात दक्षिणेत ९४ टक्क्यांहून अधिक व उत्तरेत ७१ टक्के लोकांनी करार स्वीकारला. त्यातले सर्वांत कडू कलम कैद्यांच्या सुटकेचे होते. शस्त्रसंधी पाळणाऱ्या गटांचे खुनी दोन वर्षांत तुरुंगाबाहेर आले, आणि मेलेल्यांच्या आप्तांना ते बाजारात समोरून येताना दिसू लागले.

मग पुढे उरले काय, असे कोणी विचारील. येथेच वर्गात थोडे थांबावे असे आम्ही सुचवितो. त्या कराराने शिक्षा कमी केली, निकाल रद्द केला नाही. जुन्या खुनासाठी पुढे कोणी दोषी ठरला तर त्याला दोन वर्षांच्या वर तुरुंगात ठेवता येत नव्हते, परंतु खटला चालविता येत होता, साक्ष घेता येत होती, आणि 'हा खून अमक्याने केला' असे न्यायाधीशाला सांगता येत होते. दया निकालानंतर आली होती. २०२३ च्या ब्रिटिश कायद्याने निकालच नको असे ठरविले. त्या कायद्याने एक नवा आयोग नेमला. त्यापुढे आपली हकिकत खरेपणाने सांगणाऱ्याला अभय देऊ केले. आणि १ मे २०२४ पासून अपुऱ्या राहिलेल्या कोरोनरच्या चौकश्या बंद केल्या. नवे दिवाणी दावेही बंद झाले. वास्तविक डिसेंबर २०१४ मध्ये स्टॉरमॉन्ट हाउस येथे दोन्ही सरकारांनी व उत्तरेतील पक्षांनी वेगळीच व्यवस्था ठरविली होती : तपासाला एक स्वतंत्र खाते, आणि ज्यांना फक्त काय घडले एवढेच हवे त्यांच्यासाठी दुसरे. ती बाजूला सारून ब्रिटनने एकट्याने हा मार्ग धरला.

आयर्लंडचे म्हणणे असे की, युरोपीय करारनाम्यातील जीविताच्या हक्कात, माणूस मारला गेल्यास त्याचा खरा तपास होण्याचा हक्कही येतो, आणि कोणतेही राज्य तो आपल्या नागरिकांकडून काढून घेऊ शकत नाही. उत्तर आयर्लंडचे प्रमुख पक्ष, जे एरवी कशावरही एकमत होत नाहीत, तेही या कायद्याविरुद्ध होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने अभयाचे कलम करारनाम्याशी विसंगत ठरविले. ब्रिटनची बाजूही सांगितली पाहिजे. साक्षीदार मरत आहेत, पुरावे हरवले आहेत, खटले क्वचितच टिकतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या शिपायाला कोर्टात उभे करून कोणाला काय मिळते, असे त्या बाजूचे लोक विचारतात. हा युक्तिवाद पोकळ नाही. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात सैन्याने १३ जणांना गोळ्या घालून ठार केले (चौदावा पुढे मेला). त्या प्रकरणी एका माजी शिपायावर चाललेला खटला ऑक्टोबर २०२५ मध्ये पुराव्याअभावी सुटकेत संपला. पण त्याच प्रकरणात दुसऱ्या चौकशीने २०१० साली मृतांना निर्दोष ठरविले व ब्रिटिश पंतप्रधानांनी पार्लमेंटात क्षमा मागितली. शिक्षा कोणालाच झाली नाही. तरी ३८ वर्षे मृतांवर असलेला कलंक पुसला गेला, याला आम्ही लहान गोष्ट म्हणणार नाही.

लहान राष्ट्राला कायदा हाच आधार, हे आयर्लंडच्या परराष्ट्र धोरणाचे जुने सूत्र आहे. तो देश कोणत्याही लष्करी गटात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यात त्याचे शिपाई १९५८ पासून गेले. अण्वस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या कराराची मूळ कल्पना त्याच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, फ्रँक एकन यांनी, मांडली आणि १९६८ साली त्यावर पहिली सही त्यांचीच झाली. मे २०२४ मध्ये नॉर्वे व स्पेन यांच्याबरोबर आयर्लंडने पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता दिली; त्यावर मतभेद झाले व होतील. परंतु जगाला कायदा सांगणाऱ्याच्या घरात लोक डोकावणारच, आणि डोकावलेही.

वरील वाचनपाठात शेतात एक प्रेत सापडते व मारणारा कोण ते कोणाला ठाऊक नसते. तेव्हा वडील माणसे व न्यायाधीश बाहेर येऊन प्रेतापासून चहूकडच्या गावांपर्यंतचे अंतर मोजतात, आणि जे गाव जवळ त्याच्या वडिलांना पुढे व्हावे लागते. आपल्या हातांनी हे केले नाही आणि आपल्या डोळ्यांनी पाहिले नाही, असे त्यांना परमेश्वरापुढे सांगावे लागते. शिक्षकांनी हे मुद्दाम दाखवावे की, मोजणी सगळ्या दिशांना होते. आपले गाव सोडून मोजा असे तेथे म्हटलेले नाही.

डब्लिनपासून मोजले तर काय दिसते? १७ मे १९७४ रोजी संध्याकाळच्या गर्दीत डब्लिनमध्ये मोटारींत ठेवलेले तीन बॉम्ब व त्यानंतर मॉनहन गावी चौथा असे फुटले; ३३ माणसे मेली. त्या तीस वर्षांत एकाच दिवसात इतके मृत्यू दुसऱ्या कधी झाले नाहीत. ब्रिटननिष्ठ टोळीने १९९३ मध्ये कबुली दिली, पण आजवर एकालाही शिक्षा झाली नाही. ब्रिटनने आपले कागद उघड करावेत असा ठराव आयर्लंडच्या संसदेने एकदा नव्हे, अनेकदा केला. तो योग्यच होय. परंतु न्यायमूर्ती बॅरन यांच्या डिसेंबर २००३ च्या अहवालात दिसून आले की, आयरिश पोलिसांनी स्वतःचा तपास काही महिन्यांतच गुंडाळला, न्यायखात्याच्या फायली गहाळ झाल्या, आणि त्या वेळच्या सरकारने फारशी कळकळ दाखविली नाही.

दुसरे प्रकरण आमच्या मते वर्गात सावकाश सांगावे. ४ जानेवारी १९७६ रोजी आर्मा जिल्हा व त्याच्या लगतच्या भागात दोन कॅथलिक घरांत शिरून सहा जणांवर प्राणघातक गोळ्या झाडण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंग्जमिल गावाजवळ कापड गिरणीतून घरी निघालेल्या कामगारांची छोटी बस बंदूकधाऱ्यांनी अडविली. कॅथलिक कोण, असे त्यांनी विचारले. बसमध्ये एकच कॅथलिक होता. त्यालाच मारणार असे समजून शेजारी उभ्या असलेल्या प्रॉटेस्टंट सोबत्यांनी त्याच्यावर हात ठेवून त्याला बोलू दिले नाही. त्याला पळ म्हणून सांगण्यात आले, आणि उरलेल्या ११ जणांवर गोळ्या झाडल्या. दहा मेले, एक जबर जखमी होऊन वाचला. मारणारे रिपब्लिकन आर्मीचे होते व सरहद्द अगदी जवळ होती. सरहद्दीपलीकडे आपल्याला कितपत मदत झाली, असे त्या दहा घरांतील माणसे वर्षानुवर्षे डब्लिनला विचारीत राहिली. आयरिश पोलिसांना परराज्यातील कोरोनरसाठी साक्ष देता यावी म्हणून कायदा झाला तो २०१९ साली. मध्ये ४३ वर्षे गेली होती.

तिसरे प्रकरण मार्च १९८९ चे आहे. उत्तरेचे दोन वरिष्ठ पोलीस अधिकारी सरहद्दीपलीकडे डंडॉकच्या ठाण्यावर बैठकीस गेले व परतताना मारले गेले. डिसेंबर २०१३ च्या स्मिथविक अहवालाने, आयरिश पोलिसांतूनच खुन्यांना मदत झाली असा निष्कर्ष काढला. तेव्हाच्या उपपंतप्रधानांनी सरकारतर्फे क्षमा मागितली. म्हणून २०२३ साली ब्रिटिश मंत्र्यांनी, आयर्लंडने स्वतः १९९८ पासून जुन्या खुनांचा नेटाने तपास केलेला नाही, असे उलट ऐकविले, तेव्हा ते बोल लागण्यासारखेच होते. आमच्या दृष्टीने आयर्लंडचा खटला त्यामुळे खोटा ठरत नाही, अपुरा ठरतो.

कोणी चौकस विद्यार्थी आणखी एक अडचण काढील. १९९९ साली दोन्ही सरकारांनी मिळून, ठार करून गुप्तपणे पुरलेल्या माणसांचे अवशेष शोधण्यासाठी आयोग नेमला. त्याला दिलेली माहिती कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. मग हे अभयच नव्हे काय? पूर्णपणे नव्हे. माहिती बंद राहते, परंतु दुसरा पुरावा मिळाल्यास खुन्यावर खटला होऊ शकतो. या मार्गाने बहुतेकांचे अवशेष घरच्यांना मिळाले व ख्रिस्ती रीतीने मूठमाती देता आली. सवलत कोठवर द्यावी आणि कोठे थांबावे, हे ठरविणे किती नाजूक आहे ते यावरून कळते.

ब्रिटनमध्ये जुलै २०२४ मध्ये सत्ता बदलली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी दोन्ही सरकारांनी संयुक्त आराखडा प्रसिद्ध केला. अभय काढून टाकावे, आयोगाची पुनर्रचना करावी व माहिती गोळा करण्यासाठी स्वतंत्र मंडळ असावे, असे त्यात आहे. त्यासाठीचे विधेयक ऑक्टोबरात ब्रिटिश पार्लमेंटात मांडले गेले. आयर्लंडनेही या खेपेस आपल्यावर काही घेतले : आपल्या पोलिसांत जुन्या प्रकरणांसाठी खास विभाग, चौकश्यांना साक्ष व कागद देण्याची कायदेशीर सोय, आणि २ कोटी ५० लाख युरो. स्ट्रासबर्गचा खटला मात्र त्या दिवशी मागे घेण्यात आला नाही.