माझ्या नावावरचा ट्रॅक्टर

धुळ्याला देवपुरात घर घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्यावर थकलेलं असं कुठलंच कर्ज नव्हतं. पतपेढीचं होतं, पण त्याचा हप्ता पगारातूनच कापला जायचा, थकवायची सोयच नव्हती. तरी कर्ज विभागातल्या साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. म्हणाले, "सर, ट्रॅक्टरचं काय करताय?"

"कोणाचा ट्रॅक्टर?"

"तुमचाच. पारोळा तालुक्यातला पत्ता आहे. वर्षभर हप्ता नाही."

ट्रॅक्टर सोडाच, वडिलांनी शेत बटाईने दिल्यापासून आमच्या दारात बैलजोडीही नव्हती. साहेबांना मी हे सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण कागदावर ट्रॅक्टर होताच, आणि त्याच्यापायी माझा सिबिल स्कोअर सहाशेच्या घरात आला होता.

घोळ कसा झाला ते नंतर उलगडलं. आमचं आडनाव पाटील. अमळनेर-पारोळ्याकडे माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तंतोतंत जुळणारे दोन-चार जण सहज सापडतील. गावात आम्ही टोपणनावांवर भागवतो, फायनान्स कंपनीच्या फॉर्मवर टोपणनावाला रकाना नसतो. त्यातून जन्मतारीख १ जून. माझ्या पिढीतल्या अर्ध्या खेड्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, आणि त्याला आम्हीच, म्हणजे शिक्षक मंडळी, जबाबदार आहोत. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की त्याला शाळेत घ्यायचं, वय अंदाजे धरायचं आणि जनरल रजिस्टरला १ जून लिहून मोकळं व्हायचं. कर्ज देणाऱ्या संस्था आपली माहिती पतमाहिती कंपन्यांना पाठवतात. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन यांवरून ती माहिती त्या-त्या माणसाच्या खात्याला जोडली जाते. ट्रॅक्टरच्या नोंदीत पॅन नव्हता. नाव आणि १ जून एवढ्यावर ते कर्ज मला येऊन चिकटलं.

सगळे सरसकट 'सिबिल' म्हणतात, पण अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढावा. आपला अहवाल आपणच पाहिला तर स्कोअर उतरत नाही. ती भीती अनेकांच्या मनात उगीच बसलेली आहे. मी चारही अहवाल काढले. ट्रॅक्टर दोन ठिकाणी होता. एकीकडेच दुरुस्ती करून थांबलो असतो तर पुढच्या बँकेने नेमका दुसरा अहवाल काढला असता.

दुरुस्तीचा रस्ता असा आहे. पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार नोंदवायची, पण कंपनी स्वतःच्या अधिकारात नोंद पुसत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. म्हणून त्या संस्थेच्या शाखेतही पॅन, आधार आणि 'हे कर्ज माझं नाही' असा लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. फोनवर "करतो सर" ऐकून घरी येऊ नये. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. अर्जात या आदेशाचा उल्लेख केला की उत्तराची भाषा बदलते, हे मी पाहिलं आहे. तेवढ्यानेही भागलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

माझा ट्रॅक्टर निघाला. तेव्हापासून शाळेतले, नात्यातले, कधी नात्यातल्यांच्या नात्यातले लोक अहवाल घेऊन माझ्याकडे येतात. ते पाहून आणि कर्ज विभागातल्या परिचितांना विचारून जे कळलं ते सांगतो.

लोक पहिल्या पानावरचा आकडा बघतात. तो ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या वर असला की काम सोपं होतं. पण अधिकारी आतली पानं वाचतो. तिथे प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस उशिरा भरला ते त्यांत लिहिलेलं असतं. तीन शून्यं म्हणजे वेळेवर. ९० च्या वर गेलं की ते खातं बुडीताच्या वाटेला लागलं असं धरतात. हे चौकोन साधारण मागच्या ३६ महिन्यांचे असतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मोबाइलच्या हप्त्यात घातलेला घोळ आज घराच्या कर्जासमोर उभा राहतो. 'सेटल्ड' हा शेरा तर थकबाकीइतकाच जड. वसुलीवाला म्हणतो, चाळीस हजारांचे पंचवीस द्या, विषय संपवू. देणाऱ्याला वाटतं आपण सुटलो. अहवालात मात्र 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येतं, म्हणजे हा माणूस पूर्ण पैसे न देता सुटला आहे. ऐपत असेल तर उरलेली रक्कम भरून नो ड्यूज दाखला घ्या आणि शेरा बदलून मागा.

आता जामीन. आमच्या पगारदारांच्या जगात, जळगावची ग. स. असो की आणखी कुठली पतपेढी, 'मी तुला, तू मला' असं जामिनाचं साटंलोटं पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. नकार देणारा स्टाफरूममध्ये माणूसघाणा ठरतो. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की वेगळा करार नसेल तर जामिनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही अहवालात 'जामिनदार' म्हणून दिसतं. साडूने हप्ता चुकवला आणि आपलं गृहकर्ज अडलं, अशा दोन फायली माझ्यासमोर आलेल्या आहेत; दोन्ही घरांत नंतर दिवाळीचं जाणं-येणं थांबलं. जामीन राहू नका, असं मी म्हणणार नाही, खान्देशात ते शक्यही नाही. सही करताना एवढं कबूल करून घ्या, की कर्जाच्या खात्याचा उतारा दर तिमाहीला तुम्हालाही दाखवला जाईल.

पतपेढीची एक वेगळी गंमत आहे. बँका आणि बिगर-बँक वित्त कंपन्या रिझर्व्ह बँकेखाली येतात, चारही पतमाहिती कंपन्यांना माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे. पतसंस्था सहकार खात्याखाली, त्यामुळे त्यांची कर्जं बहुतेकदा या अहवालात नसतात. वीस वर्षं पतसंस्थेचा हप्ता न चुकवलेला माणूस बँकेच्या पडद्यावर कोरा निघतो. सराफाकडची उधारी, आडत्याची उचल यांचंही तेच. बाजारात ज्याच्या शब्दावर लाखाचा माल उचलला जातो, त्याच्या नावापुढे बँकेत 'इतिहास नाही'. मला हा या पद्धतीतला दोष वाटतो. पण ती बदलेपर्यंत बँकेत एखादं छोटं कर्ज घेऊन ते नीट फेडावं, हे बरं.

उलट बाजूही आहे. पतपेढीचं कर्ज अहवालात नसलं तरी पगारपत्रकात असतं. अधिकारी पगारपत्रकावरची कपात आणि सहा महिन्यांचा खातेउतारा काढून बसतो. सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंत चालतात, बँकेप्रमाणे थोडं इकडेतिकडे. माझ्या एका सहकाऱ्याचा स्कोअर आठशेच्या जवळ होता, तरी मागितलेल्या रकमेच्या अर्धीच मिळाली : कपात जास्त आणि निवृत्तीला नऊ वर्षं. जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ ला घरी बसतो, म्हणून मुदत तेवढीच धरतात. व्यापाऱ्याला हाच हिशेब तीन वर्षांच्या आयकर विवरणांवरून लावतात. कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवलेलं असतं, ते इथे आडवं येतं.

स्कोअरचा परिणाम व्याजावरही होतो. २५ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २१,७०० रुपयांच्या आसपास बसतो, सव्वानऊने २२,९००. महिन्याचे बाराशे क्षुल्लक वाटतात, पण वीस वर्षांत पावणेतीन लाखांच्या वर जातात.

शेतकऱ्यांसाठी दोन शब्द. २०१७ ची आणि मग डिसेंबर २०१९ ची, अशा दोन कर्जमाफ्या आपण पाहिल्या. त्या पाहून गावोगाव 'भरू नको, माफ व्हई' असं सांगणारे तयार झाले. माफी होईल किंवा होणार नाही. तोपर्यंतचे थकीत महिने मात्र बँकेतून पीककर्ज घेतलेल्याच्या अहवालात दिसत राहतात, आणि पोराच्या शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार असले की तेच महिने पुढे येतात. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असं मुख्यमंत्री बँकांना वारंवार बजावतात. ते पीककर्जापुरतं. ठिबक, ट्रॅक्टर, घर यांच्या अर्जाला ते कामाचं नाही.

'सिबिल वाढवून मिळेल' असे फलक जळगावात आणि धुळ्यातही दिसतात. चुकीची नोंद दुरुस्त करायला फी लागत नाही आणि खरी नोंद कोणालाही काढता येत नाही, मग हे लोक पैसे कशाचे घेतात? त्यांच्या हाती आधार, पॅन आणि ओटीपी देणं तर फारच महागात पडतं.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. ते कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. पहिलंच कर्ज असेल आणि 'इतिहास नाही' एवढंच कारण सांगितलं, तर तेवढ्यावर नकार देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेलं आहे, हे शाखेत शांतपणे दाखवून द्या. आणि रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी समोरच्या तीन बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक बँकेची चौकशी अहवालात तारखेसह उमटते, आणि महिनाभरात चार चौकश्या दिसल्या की पाचवा अधिकारी आधी त्यांच्याबद्दलच विचारतो.