बांडगूळ, फुलटोच्या आणि हळदीकुंकू



वैशाख सरत आला असतां एके दिवशीं पहाटेस आम्ही मंडळींतील कांहीं तरुणांस बरोबर घेऊन मुरूडजवळच्या फणसाडच्या अरण्यांत फिरावयास गेलों. हें अरण्य पूर्वीं जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें रान होतें. सन १९८६ पासून तें अभयारण्य आहे. समुद्र जवळच असल्यामुळें वाऱ्यास खारट वास होता. वाटेच्या कडेस करवंदें काळीं झालीं होतीं आणि कुड्याचा पांढरा फुलोरा उमलला होता. तांबटाचें टुक् टुक् एकसारखें चाललें होतें. पुढें एका कोरड्या ओढ्याच्या कांठीं नवरंग शीळ घालीत होता. हा पक्षी पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून विणीसाठीं येतो. त्याची शीळ ऐकली म्हणजे आतां पेरणीचे दिवस आले असें समजावें.

एका जुन्या आंब्याच्या फांदीवर बांडगूळ माजलेलें दिसलें. एक तरुण म्हणाला, “पाळकसाहेब, हें झाडाचें रक्त पितें. काठीनें ओढून पाडूं का?” आम्ही म्हटलें, “बाळ, अगोदर घटकाभर बैस आणि पाहा.”

थोड्याच वेळांत तेथें अंगठ्याएवढें, मळकट रंगाचें एक पांखरूं आलें. हा फुलटोच्या. ह्याचें वजन सुमारें अर्धा तोळा. बांडगुळाचें गुलाबी फळ तो गिळतो. बीं लवकरच पोटांतून बाहेर पडतें, पण तें इतकें चिकट असतें कीं अंगापासून सुटावें म्हणून पांखरास फांदीवर अंग घासावें लागतें. बीं तेथेंच चिकटतें व रुजतें. त्याच्या नळीसारख्या तांबूस फुलांतील मध फुलटोच्या व शिंजीर पितात आणि पिताना पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात. अशा रीतीनें फूल फळास आणणारें व बीं पेरणारें पांखरूं एकच आहे.

इतक्यांत एक फुलपाखरूं त्या पानांभोंवतीं घिरट्या घालूं लागलें. त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा रंग व कडेस तांबडे ठिपके असतात, म्हणून लोक त्यास हळदीकुंकू म्हणतात. ह्याची मादी बांडगुळाच्या पानाखालीं पुष्कळ अंडीं एकत्र घालते आणि सुरवंट तींच पानें खाऊन वाढतात. पांखरांस ह्याची चव रुचत नाहीं. तो भडक रंग म्हणजे त्यांस दिलेली सूचनाच होय.

तर मग तो तरुण चुकला काय? अगदींच नाहीं. बांडगुळाचीं पानें हिरवीं असल्यामुळें तें आपलें अन्न सूर्यप्रकाशांत स्वतः तयार करतें. परंतु पाणी व क्षार मात्र आंब्याच्या फांदींतून घेतें. तें फार वाढलें तर फांदी वाळते व फळ कमी येतें. म्हणून स्वतःच्या बागेंत तें अवश्य काढावें. परंतु नुसतें ओढून काढल्यास मूळ फांदींत राहतें व पुन्हां फुटतें. यास्तव फळें पिकण्यापूर्वींच, बांडगूळ जेथें चिकटलें असेल त्याच्या खालीं फांदी कापावी.

रानाची गोष्ट निराळी आहे. तेथें बांडगूळ हें पांखराचें कोठार व फुलपाखराचा पाळणा आहे. बागेंतील नियम रानास लावूं नये, हाच ह्या फेरींतील मुख्य धडा. आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यांत गवत साफ करावयास लाविलेला विस्तव रानांत शिरला, तर झुडपें, सुरवंट व जमिनीलगतचीं घरटीं एका दुपारीं जळून जातात. बीं पेरणारेंच उरलें नाहीं, तर रान पुन्हां कोण लावील?

त्या तरुणानें हातांतील काठी खालीं ठेविली, आणि परत येतांना वाटेंतलें प्रत्येक बांडगूळ तोच आम्हांस दाखवीत आला.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. बांडगुळाचें बीं एका झाडावरून दुसऱ्यावर कसें जातें?
२. बांडगूळ आंब्यापासून काय घेतें, व स्वतः काय तयार करतें?
३. आपल्या गांवच्या रानांत निरुपयोगी समजलें जाणारें एक झाड निवडा. आठवडाभर पाहून त्यावर कोण कोण येतें तें लिहून ठेवा.