बुधले का फुटतात?

लूक ५:३७-३८ मधील ‘द्राक्षारस’ म्हणजे बंगलोर ब्लू द्राक्षांचा ताजा, गोड रस नव्हे. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका स्नेह्याच्या घरी मी जॉर्जियातील ‘सापेरावी’ या देशी द्राक्षाचा द्राक्षारस चाखला. तो गडद व तुरट होता. तेथे पारंपरिक पद्धतीने रस सालींसह जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्री’ नावाच्या मातीच्या रांजणात आंबवतात. २०१३ साली युनेस्कोने ही पद्धत मानवजातीचा वारसा म्हणून नोंदली. आंबताना वायू सुटतो. नवा बुधला ताणतो. जुना, कडक झालेला फुटतो. भाषांतरकाराने हा रस सौम्य केला, तर दाखल्यातील सामर्थ्यच नाहीसे होते. ख्रिस्ताची सुवार्ताही अशीच जिवंत आहे. तिच्यासाठी आपले अंतःकरण ताणण्याजोगे राहिले आहे काय?