मूल घरी येण्याआधी विचारून घ्या

आमच्याकडे प्रतिपालनासाठी (फॉस्टर केअर) आलेल्या मुलीचा धाकटा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात आहे, हे आम्हाला कित्येक महिने ठाऊकच नव्हतं. संस्थेने दिलेल्या कागदांत त्याचा उल्लेख नव्हता. तिला सोडायला आलेल्या बाईंनीही तो विषय काढला नाही.

त्या काळात ती फार शहाण्यासारखी वागायची. वाढलेलं निमूट खायची, काही मागायची नाही. नातेवाईक म्हणायचे, "किती गुणी आहे!" रात्री मात्र तिला झोप लागत नसे. एकदा तिला आखूड झालेला स्वेटर कुणाला तरी द्यायला बाजूला काढला, तशी ती ढसाढसा रडू लागली. "तो त्याला होईल," म्हणाली. भावाचं नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बाल कल्याण समितीकडे अर्ज केला आणि भेटी सुरू झाल्या. हळूहळू ती झोपू लागली, भांडू लागली, भाजी नको म्हणून ताट सरकवू लागली. हे हट्ट मला मोलाचे वाटतात. अशी मुलं आपल्याला पुन्हा कुठे पाठवतील या धास्तीनेही शहाणी होतात. म्हणून फार आज्ञाधारक मुलाकडे जास्त लक्ष द्यावं.

प्रतिपालक होऊ पाहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मूल तुमच्याकडे सोपवण्याचा समितीचा आदेश होण्याआधीच विचारा. भावंडं कुठे आहेत? आईवडील, आजी, मामा यांपैकी कोण भेटायला येतं? कोणती औषधं चालू आहेत, लसी कोणत्या झाल्या? कशाची भीती वाटते? प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा तयार करावा लागतो. तो वाचायला मागा.

बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 44 प्रतिपालकत्वाबद्दल आहे. भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवावं, असं ते सांगतं. समितीने दर महिन्याला प्रतिपालक कुटुंबाची पाहणी करायची असते. ही पाहणी म्हणजे आपली परीक्षा समजू नका. अडचणी तिथे मोकळेपणाने मांडा आणि पाहणीला आलेल्यांनी मुलाशी एकट्याने बोलावं, असा आग्रह धरा.

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. मुलाच्या हिताला बाधा येत नसेल, तर जन्मदात्यांनाही ठरावीक काळाने भेटता येतं. भेटीनंतर मूल दोन दिवस चिडचिड करील, अंथरूण ओलं करील. तेवढ्यावरून भेटी बंद करायला सांगू नका, त्याच्याजवळ बसा. त्याच्या आईबद्दल घरात कुणी वाईट बोलणार नाही, हे पाहा.

मुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवू नका, पाहुण्यांपुढे त्याची कहाणी सांगू नका. कायदा अशा मुलांची ओळख उघड करू देत नाही, म्हणून मीही इथे नाव लिहिलेलं नाही. मूल मोठं होत असेल तर जन्मदाखला, आधार, बँक खातं आणि शाळेचे दाखले आत्ताच काढून घ्या. अठरा पूर्ण झाल्यावर धावपळ नको.

विचारताना संकोच वाटेल. कार्यालयात "नंतर बघू" असंही ऐकावं लागेल. तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपल्या माणसांची माहिती हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि तो मागायला त्याच्या बाजूने उभं राहणं हे प्रतिपालकाचं पहिलं काम आहे.