न पडणारा कचरा

प्रश्न : २ एप्रिल २०२२ च्या रात्री आमच्या चंद्रपूर जिल्ह्यावरून जळते तुकडे गेले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी पडली. अवकाशातला कचरा असा आपोआप खाली येत असेल, तर त्याची एवढी चिंता कशाला?

उत्तर : ती कडी चिनी रॉकेटची, असे तज्ज्ञांचे म्हणणे आहे. कोणाला इजा झाली नाही हे आपले नशीब. पण जास्त घोर लावतो तो खाली न येणारा कचरा.

तुकडा किती काळ फिरणार हे उंचीवर ठरते. तीनशे किलोमीटरवर हवा विरळ का होईना, असते. तिच्या घर्षणाने तुकडा खाली खाली येत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जळतो. आठशे किलोमीटरवर मात्र तो शंभर वर्षेही फिरत राहू शकतो. भारताने २७ मार्च २०१९ ला स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तो सुमारे ३०० किलोमीटरवर. काही तुकडे वर भिरकावले गेले, त्यांना वेळ लागला. पण नोंदलेले सगळे आता जळून गेले आहेत. चीनने जानेवारी २००७ मध्ये आपला फेंगयुन-१सी हा उपग्रह फोडला, तो साडेआठशेच्याही वर. त्याचे नोंदलेले तुकडेच तीन हजारांहून अधिक, आणि त्यांतले बरेच आजही वर आहेत.

त्यांचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे वीस सेकंदांत. १९८३ मध्ये रंगाच्या एका बारीक पोपड्याने चॅलेंजर यानाच्या काचेला खड्डा पाडला होता. १० फेब्रुवारी २००९ ला तर सैबेरियाच्या वर चालू असलेला इरिडियम-३३ आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस-२२५१ हे अख्खे उपग्रहच एकमेकांवर आदळले. एका टकरीचे तुकडे पुढच्या टकरी घडवतील, हा इशारा शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच दिला होता.

आपलाही यात वाटा आहे, हे मला सांगितलेच पाहिजे. डिसेंबर २००१ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटचा कक्षेत उरलेला चौथा टप्पा फुटून शेकडो तुकडे झाले. आता इस्रो उरलेले इंधन काढून टाकते. मार्च २०२४ मध्ये तर असाच एक चौथा टप्पा, आधीच खालच्या कक्षेत आणलेला, वातावरणात शिरून संपला. फेंगयुनचे हजारो तुकडे वेचून आणण्याचे साधन मात्र आज कोणत्याही देशाकडे नाही.