आमचे वाडवडील कोठे आहेत?

बाप्तिस्म्यापूर्वीच्या शिकवणीच्या वेळी आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते : सुवार्ता कानी न पडताच निवर्तलेले आमचे आईबाप नरकात आहेत काय? हा प्रश्न वादासाठी नव्हे, तर जड अंतःकरणाने विचारलेला असतो. म्हणून शास्त्र जितके सांगते तितकेच आम्ही सांगू.

नरकाची शिकवण आम्हांस टाकून देता येत नाही. मत्तय २५:४६ यात जीवन व शिक्षा या दोहोंसही ‘सार्वकालिक’ हे एकच विशेषण लाविले आहे. एकाची मुदत कमी केली तर दुसऱ्याचीही होईल, हे ऑगस्टीनाने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या २१ व्या भागात दाखविले. परंतु धन्याची इच्छा जाणून ती न करणाऱ्या दासास फार फटके, व नेणत्यास थोडे, असेही प्रभूनेच सांगितले (लूक १२:४७, ४८). ज्यास जितका प्रकाश मिळाला तितक्याच्या मानाने त्याचा न्याय होईल.

तारण पावणारे थोडेच आहेत काय, असे एकाने विचारिले तेव्हा प्रभूने संख्या सांगितली नाही. अरुंद दाराने आत जाण्याचा यत्न करा, असे ऐकणाऱ्यांसच बजाविले (लूक १३:२३, २४). म्हणून मृतांस आम्ही न्यायी व दयाळू पित्याच्या हाती सोपवितो. त्यांचा निकाल सांगण्याचा अधिकार आम्हां पाळकांस नाही.

आपणांस मात्र धन्याची इच्छा कळली आहे. दाराशी पडलेल्या लाजराकडे न पाहणारा श्रीमंत मनुष्य अब्राहामाच्याच वंशातला होता (लूक १६). बंधुभगिनींनो, आपल्या दाराशी कोण पडला आहे, हे आजच पाहा.